राणी नागनिका

सुमारे २००० वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्रात सातवाहन राजांचे राज्य होते. त्यांची राजधानी पैठण. तेव्हा त्याला प्रतिष्ठान म्हणत. नागनिका ही त्या घराण्यातली राणी. ज्या इंग्रजांनी आपल्यावर राज्य केले त्यांचे पूर्वज अँग्लो-सॅक्सन लोक. ते इंग्लंडात गेले पाचव्या शतकात, असे गुरुजींनी सांगितले. म्हणजे आपली नागनिका त्यांच्याही चारपाचशे वर्षे आधीची!

नागनिकेचे वडील महारठी होते, म्हणजे मोठे सरदार. तिचे लग्न सातकर्णी राजाशी झाले. हा राजा फार पराक्रमी. त्याने अश्वमेध यज्ञ केले. यज्ञात नागनिका त्याच्याबरोबर बसली. त्यांना वेदिश्री आणि सतिश्री असे मुलगे होते.

पुढे राजा वारला. मुलगा अजून लहान होता. मग राज्याचा कारभार नागनिकेनेच पाहिला, असे इतिहासकार मानतात. एवढे मोठे राज्य आणि ती एकटी! पण ती डगमगली नाही. राणी असून ती घरातच तपस्विनीसारखी राहायची. महिना महिना उपवास करायची. माझी आजी एक एकादशी धरते तर संध्याकाळी तिला चक्कर येते.

हे सगळे आपल्याला कसे कळले? तर नाणेघाटामुळे. आपल्या पुणे जिल्ह्यात जुन्नरच्या पुढे हा घाट आहे. तिथून खाली कोकण दिसते. कल्याण आणि सोपारा बंदरातला माल या वाटेने वर यायचा. घाटमाथ्यावर दगडाचा भलामोठा रांजण आहे. त्यात व्यापारी जकातीची नाणी टाकत, असे लोक सांगतात.

तिथल्या गुहेत भिंतीवर मोठा लेख कोरलेला आहे. लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत. यज्ञात किती गाई, किती घोडे, किती कार्षापण म्हणजे नाणी दान दिली ते त्यात आकड्यांत लिहिले आहे. एवढे जुने आकडे फार कमी ठिकाणी सापडतात. आम्हाला हिशेबाची वही ठेवायचा कंटाळा येतो, आणि त्यांनी दगडात हिशेब ठेवला.

१८२८ साली साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ही गुहा पाहिली. गुहेत राजाराणीच्या मूर्ती होत्या. आता त्या फुटून गेल्या, नुसत्या पायांच्या खुणा उरल्यात. लेखातली पण पुष्कळ अक्षरे झिजली. मूर्तींच्या वर नावे कोरली होती. त्यात राणीचे नाव आधी आणि राजाचे नंतर आहे. तिथे ते नायनिका असे लिहिले आहे.

दोघांची नावे असलेले चांदीचे नाणेसुद्धा मिळाले आहे.

पुण्याहून जुन्नरला एस.टी. जाते. पालकांनी आम्हाला तिथे सहलीला पाठवावे. पावसाळ्यात घाट निसरडा असतो, म्हणून दिवाळीनंतर जायचे.