निरिच्छ सेवक

अहिल्यानगर जिल्ह्यात तिसगाव नावाचे गाव आहे. त्याच्या जवळच मढी येथे कानिफनाथांचे स्थान असून होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तेथे मोठी यात्रा भरते. महाराष्ट्रातील अशा यात्रांच्या वाटेवर पूर्वी एक दृश्य हटकून दिसत असे. वाटेच्या दोन्ही अंगांना आंधळे, पांगळे, वृद्ध आणि कुष्ठरोगी फडकी पसरून बसलेले असत. भाविक त्यांच्यापुढे एखादा पैसा टाकीत आणि पुण्य पदरी पडले, या समाधानाने पुढे जात. परंतु यात्रा पांगल्यावर ही माणसे रात्री कोठे निजतात, त्यांच्या जखमा कोण धुतो, त्यांच्या मुखी घास कोण घालतो, याचा विचार करणारे फार थोडे होते. ज्यांनी हा विचार केला, आणि दुबळ्यांची सेवा करणाऱ्याने स्वतः कसे वागावे, याचा धडा आपल्या आचरणाने घालून दिला, त्या थोर पुरुषाचे नाव गाडगेबाबा.

त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील व्यसनापायी अकाली वारले. माता सखूबाई लहानग्या डेबूजीला घेऊन दापुरे या आपल्या माहेरी आल्या. तेथे डेबूजी गुरे राखू लागला आणि थोडा मोठा होताच नांगर धरू लागला. शाळेचे तोंड त्याने कधी पाहिले नाही. मामांची शेती सावकाराच्या कर्जात गेली, तेव्हा आकडे न कळणाऱ्याचे घर कागदावरच्या आकड्यांनी कसे बुडते, हे त्याने कोवळ्या वयात पाहिले. दुसऱ्याच्या अज्ञानाचा आणि अगतिकतेचा लाभ उठवणे हे मोठे पाप आहे, ही जाणीव त्याच्या मनात तेव्हापासून घर करून राहिली असावी.

पुढे डेबूजीचा विवाह झाला, मुलेबाळे झाली. तथापि संसारात त्यांचे मन रमले नाही. १९०५ साली ते घर सोडून निघाले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती मातीचे गाडगे आणि खराटा, असा त्यांचा वेश असे. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरताच ते रस्ते झाडीत, गटारे उपशीत, कोणाच्या शेतात काम करीत. श्रमाचा मोबदला म्हणून मिळालेली कोरडी भाकरी त्यांना पुरेशी वाटे. काम न करता खाणे त्यांना मान्य नव्हते. आणि कामापेक्षा अधिक घेणे, हेही मान्य नव्हते.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे तीर्थ आहे. पौष महिन्यात तेथे यात्रा भरते. नदीचा उतार चिखलाचा असल्याने यात्रेकरूंचे फार हाल होत. गाडगेबाबांनी स्वतः त्या चिखलात उतरून लोकांना हात दिला, आणि पुढे लोकांच्या साहाय्याने तेथे पक्का घाट बांधविला. याच यात्रेत ते आंधळ्या, पांगळ्या आणि कुष्ठरोगी माणसांना एकत्र जमवीत, त्यांना अन्न व वस्त्रे देत. ज्यांची सावलीही लोक टाळीत, त्यांच्या शेजारी बसण्यास बाबांना संकोच वाटत नसे. दान फेकावयाचे नसते, ते हातात द्यावयाचे असते. आणि घेणाऱ्याची मान देणाऱ्यापुढे खाली जाता कामा नये, हे त्यांच्या वागणुकीतून पाहणाऱ्याला उमजे.

पुढील काळात पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभारल्या. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना पंढरपुरात निवारा मिळत नसे, म्हणून १९२० च्या सुमारास त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात दूरदूरच्या खेड्यांतून रोगी येत. त्यांच्या सोबतच्या माणसांना उघड्यावर निजावे लागे. त्यांच्यासाठी १९५४ साली बाबांच्या प्रेरणेने तेथे धर्मशाळा झाली. अंध-अपंगांसाठी सदावर्ते, निराधारांसाठी आश्रम, कुष्ठरोग्यांसाठी सेवाकेंद्रे, गोरगरिबांच्या मुलांसाठी वसतिगृहे आणि शाळा, असा त्यांच्या कार्याचा विस्तार झाला.

इमारत उभी करणे कठीण असले, तरी ती निर्मळ ठेवणे त्याहून कठीण असते. जेथे दुबळी माणसे आश्रयाला येतात, तेथे त्यांना सांभाळणाऱ्याच्या हाती नकळत मोठी सत्ता येते. भाकरी अर्धी द्यावी की पूर्ण, पांघरूण आज द्यावे की उद्या, हे तोच ठरवितो. आश्रित बिचारा तक्रार कोणापाशी करणार? तक्रार केली तर उद्याचा घासही जाईल, हे भय त्याचे तोंड बंद करते. म्हणून अशा ठिकाणी सेवकाने स्वतःलाच बंधने घालून घ्यावी लागतात. गाडगेबाबांचे मोठेपण असे की, त्यांनी ही बंधने दुसऱ्यांना सांगण्यापूर्वी स्वतःवर घातली.

त्यांनी लक्षावधी रुपयांच्या संस्था उभ्या केल्या. पण त्यांतील एका खोलीवरही आपला हक्क सांगितला नाही. लोकांसाठी पंगती उठत असता स्वतः बाबा मागून आणलेली चटणी-भाकरी खात. गरिबांच्या नावाने आलेले धान्य गरिबांच्याच मुखी पडले पाहिजे, सेवकाने त्याच्याकडे आपले म्हणून पाहू नये, हा त्यांचा कटाक्ष होता. देणगीदारांकडून येणाऱ्या पैशापासून ते स्वतः दूर राहत आणि त्याचा व्यवहार जबाबदार मंडळींकडे सोपवीत. पाया पडू पाहणाऱ्यांनाही ते दूर सारीत. कारण सेवकाला मानाची गोडी लागली की, त्याचे लक्ष रोग्यावरून उडते आणि स्वतःवर खिळते.

सर्वांत कठीण नियम त्यांनी आपल्या आप्तांना लावला. आपल्या कुटुंबीयांनी वा नातेवाइकांनी या संस्थांवर कोणताही अधिकार सांगू नये, असे त्यांनी ठरवून टाकले होते. पत्नी कुंताबाई झोपडीत राहिल्या. पतीने उभारलेल्या इमारतींत हजारो परक्यांना आसरा मिळे. परंतु संस्थापकाची पत्नी म्हणून त्यांतील सुख मात्र कुंताबाईंच्या वाट्याला आले नाही. १९२३ साली एकुलता उरलेला मुलगा गोविंदा वारला. बाबा त्या वेळी कोकणात कीर्तन करीत होते. वार्ता कानी येताच ते क्षणभर थांबले आणि त्यांनी कीर्तन पुढे चालविले. या विरक्तीचे मोल त्यांच्याइतकेच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, कुंताबाईंना द्यावे लागले, हे विसरून चालणार नाही. कोणाला हा नियम निष्ठुर वाटेल. पण घरच्या माणसासाठी एक खोली राखली की, दुसऱ्या दिवशी दहा सेवक आपापल्या आप्तांसाठी दहा खोल्या राखतात, आणि ज्याच्यासाठी घर बांधले तो निराधार पुन्हा वाटेवर येतो.

संस्था वाढल्या, तसा त्यांचा कारभार एका व्यक्तीच्या नावावर राहू नये, म्हणून १९५२ साली श्री गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. तत्पूर्वी, १९४९ साली, पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सुपूर्द केली होती. ज्या लोकांसाठी ती वास्तू उभी राहिली, त्यांच्याच उन्नतीसाठी ती उपयोगी पडावी, एवढीच त्यांची इच्छा. हातातले सोडून देणे हीही सेवेचीच एक पायरी आहे, हे त्यांनी या कृतीने दाखवून दिले.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असता, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचे निधन झाले. आयुष्यभर वाटेवरच्या माणसांची चिंता वाहणाऱ्या या पुरुषाला मरणही वाटेवरच आले. त्यांची समाधी अमरावती येथे आहे. २००० साली महाराष्ट्र शासनाने सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव देण्यात आले.

आता काळ बदलला आहे. निराधार वृद्धांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात वृद्धाश्रम असावेत, अशी तरतूद २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्यात आहे. अशा आश्रमांत काम करणारी माणसे वेतन घेतात, आणि त्यात गैर काही नाही. श्रम करून भाकरी घ्यावी, हे तर बाबांनीही केले. परंतु अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या वाट्याचे दूध, त्याच्या उशाखालचे दोन पैसे, त्याला स्नान घालताना राखावयाची त्याची लाज, आणि त्याने विश्वासाने सांगितलेले त्याच्या घरचे दुःख, या साऱ्या सेवकाकडे सोपविलेल्या ठेवी आहेत. रात्री कोणी पाहत नसताना हाक आली, तर उठावे की न उठावे, हे कोणत्याही नियमपुस्तकाला पुरते सांगता येत नाही. कोणाचे लक्ष नसताना भल्या पहाटे गावचा रस्ता झाडणाऱ्या गाडगेबाबांनी मात्र ते आपल्या खराट्याने सांगून ठेवले आहे.