राल्फ बंच आणि काँगोचा धडा

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर उसळलेला भीमसागर ओसरतो न ओसरतो, तोच १० डिसेंबरचा मानवी हक्क दिन उजाडतो. या दोहोंच्या मधला ९ डिसेंबर मात्र आम्ही सहसा विसरतो. १९७१ साली याच तारखेला न्यूयॉर्कमध्ये डॉ. राल्फ बंच यांचे निधन झाले. शांततेचे नोबेल मिळवणारे ते जगातले पहिले कृष्णवर्णीय. मार्टिन ल्यूथर किंग आमच्या घराघरात पोहोचले, बंच पोहोचले नाहीत. ते का पोहोचले पाहिजेत, हे आज आम्ही सांगणार आहोत.

बंच यांचे वडील न्हावी होते. आईचे छत्र लहानपणीच हरपले आणि गुलामगिरीत जन्मलेल्या आजीने लॉस एंजेलिसमध्ये नातवाला वाढवले. झाडलोटीची कामे करीत हा मुलगा १९२७ साली विद्यापीठात पहिला आला. हार्वर्डने शिष्यवृत्ती दिली, पण वरखर्चाचे काय? लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय वस्तीने वर्गणी काढून एक हजार डॉलर उभे केले! समाजाच्या पैशावर शिकलेल्या या तरुणाने १९३४ साली राज्यशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. विषय निवडला तो आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींच्या कारभाराचा.

पुढे ते संयुक्त राष्ट्रसंघात गेले. १९४८ साली पॅलेस्टाईनमधले मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांची जेरुसलेममध्ये हत्या झाली आणि ती जबाबदारी बंच यांच्यावर आली. १९४९ मध्ये इस्रायल आणि चार अरब राष्ट्रांमध्ये त्यांनी युद्धविराम घडवून आणले. बंदुका थांबल्या, पण परागंदा झालेल्या पॅलेस्टिनींना घर मिळाले नाही. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी देऊ केलेले परराष्ट्र खात्यातले मोठे पद त्यांनी नाकारले. राजधानी वॉशिंग्टनमध्ये वर्णभेद पाळला जात होता, तिथे मुलाबाळांना घेऊन राहणे त्यांना मान्य नव्हते. १९५० साली नोबेल मिळाले. तरीही १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका टेनिस क्लबाने त्यांच्या मुलाला कातडीच्या रंगावरून प्रवेश नाकारला. पदाने जात जात नाही, हा आमचा अनुभव त्यांनाही आला.

खरी कसोटी लागली ती काँगोत. ३० जून १९६० रोजी काँगो बेल्जियमच्या जोखडातून सुटला. त्या वेळी देशातले पदवीधर बोटांवर मोजण्याइतके होते आणि सैन्यात एकही काळा अधिकारी नव्हता. पाच दिवसांत सैन्यात बंड झाले, बेल्जियमच्या फौजा परतल्या आणि ११ जुलैला तांबे, कोबाल्ट, युरेनियमने संपन्न असा कटांगा प्रांत फुटला. फोडणाऱ्या शोम्बेच्या पाठीशी खाणमालक होते, हे उघड होते. १४ जुलैला सुरक्षा परिषदेने काँगोत फौज पाठवण्याचे ठरवले आणि या मोहिमेची सूत्रे बंच यांच्याकडे आली.

पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांची मागणी साधी होती : कटांगातून बेल्जियमला हाकला, देश एक ठेवा. राष्ट्रसंघाची भूमिका होती की, अंतर्गत भांडणात आम्ही पडणार नाही. ऑगस्टच्या आरंभी बंच कटांगात गेले. रक्तपात होईल, म्हणून फौजेने बळाने शिरू नये, असा सल्ला त्यांनी परतल्यावर दिला. लुमुंबा संतापले. गुलामाच्या आजीचा नातू आणि वसाहतीतून सुटलेल्या देशाचा नेता, दोघे शोषितांचेच. पण एकमेकांवर विश्वास ठेवू शकले नाहीत. ऑगस्टअखेर बंच परतले आणि त्यांच्या जागी भारताचे राजेश्वर दयाळ गेले. १७ जानेवारी १९६१ रोजी कटांगातच लुमुंबांची हत्या झाली. बळ वापरण्याची परवानगी सुरक्षा परिषदेने दिली ती त्यानंतर, फेब्रुवारीत! या हत्येतली नैतिक जबाबदारी बेल्जियमने कबूल केली ती २००२ साली. आणि त्याआधीच, १९९९ मध्ये, राष्ट्रसंघाला काँगोत पुन्हा मोहीम पाठवावी लागली होती.

बंच यांना गद्दार म्हणणे आम्हाला मान्य नाही. त्यांचा हेतू रक्तपात टाळण्याचा होता. पण लुटारू आणि लुटलेला यांच्यामध्ये तटस्थ उभे राहिले की फायदा लुटारूचाच होतो. गावात बहिष्कार पडल्यावर दोन्ही बाजूंना शांतता राखण्याचे आवाहन करणारी शांतता समिती आम्ही पाहिलेली आहे. ज्याचे पाणी तोडले, त्यानेच शांत राहायचे! न्यायाशिवायची शांतता ती हीच.

मोक्याच्या जागांवर आपली माणसे असावीत, हा बाबासाहेबांचा आग्रह होता. पण खुर्चीवरचा माणूस एकटा पडला की खुर्चीचे नियम त्याला बांधतात. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले ते राष्ट्रसंघाकडे करायच्या निवेदनासंबंधी. या संस्थेचे दार ठोठावायचे, पण आपल्या प्रश्नासह आणि आपल्या संघटनेच्या बळावर, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

बंच यांनाही रस्ता विसरता आला नाही. १९६५ साली प्रकृती ढासळलेली असताना ते सेल्माच्या मोर्चात किंग यांच्यासोबत चालले. वर्गणी काढून शिकवणाऱ्या वस्तीकडे ते परतले होते. आमच्या वर्गणीतून, आमच्या लढ्यातून मोठ्या पदांवर पोहोचलेल्यांनी आजच्या दिवशी एवढे तरी आठवावे.