कृष्णाकाठचा वाचक

सह्याद्रीत उगम पावलेली भीमा नदी पुणे जिल्हा ओलांडून सोलापूरकडे वाहते. वाटेत माढा तालुक्यातील उजनी या गावाजवळ तिला एका प्रचंड धरणाने अडविले आहे. या धरणाची भिंत सुमारे अडीच किलोमीटर लांब असून त्यात ११७ अब्ज घनफुटांच्या आसपास पाणी साठते. करमाळा, माढा, इंदापूर या तालुक्यांतील कितीतरी गावे या पाण्याच्या काठी वसली आहेत. एके काळी जिथे पावसाची वाट पाहत ज्वारी पेरली जाई, तिथे आज ऊस आणि केळी डोलतात, कोळ्यांच्या होड्या फिरतात आणि हिवाळ्यात दूरदेशीचे रोहित पक्षी उतरतात. या विस्तीर्ण जलाशयाला यशवंतसागर असे नाव देण्यात आले आहे.

ज्यांचे हे नाव, ते यशवंतराव बळवंतराव चव्हाण होत. महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. परंतु मुख्यमंत्री होण्याच्या कितीतरी आधी ते एक वाचणारे शाळकरी पोर होते. हाती येईल ते वाचावे आणि वाचलेले स्वतःच्या मनाशी ताडून पाहावे, असा त्या पोराचा स्वभाव होता. त्यांच्या पुढील आयुष्याचे बीज या स्वभावातच होते.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी, त्यांच्या आजोळी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. प्रसूतीच्या वेळी आई विठाबाई यांची प्रकृती फार बिघडली. तेव्हा आजीने गावाजवळच्या सागरोबाला साकडे घातले, की मुलीला वाचव, या संकटात यश दे. तुझी आठवण म्हणून बाळाचे नाव यशवंत ठेवीन. मायलेकरे दोघेही सुखरूप राहिली आणि बाळाचे नाव यशवंत ठेवण्यात आले.

यशवंताचे वडील कऱ्हाडच्या न्यायालयात बेलिफाच्या नोकरीवर होते. यशवंत जेमतेम चार वर्षांचा असेल, तोच वडिलांचे छत्र हरपले. घरात ना शेतीवाडी, ना साठविलेला पैसा. विठाबाईंना अक्षरओळख नव्हती. परंतु त्यांना अनेक ओव्या मुखोद्गत होत्या. जात्यावर दळण दळताना त्या ओव्या म्हणत आणि दिवस वाईट आले तरी ते ढगांसारखे निघून जातात, असा धीर मुलांना देत. मुलांनी शिकावे, ही त्या माउलीची एकच आस होती. थोरले बंधू ज्ञानोबा यांनी नोकरी धरून घराचा भार उचलला. मधले बंधू गणपतराव यांना सार्वजनिक कार्याची ओढ होती आणि धाकट्या यशवंतावर त्यांचा विशेष जीव होता.

पुढील शिक्षणासाठी यशवंत कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात दाखल झाला. कऱ्हाड हे कृष्णा आणि कोयना या नद्यांच्या संगमावरचे गाव. तेथील घाट, तेथील सभा आणि गावात येणारी वृत्तपत्रे यांनी यशवंताला एक नवे जग दाखविले.

त्या काळी महाराष्ट्रात विचारांचे दोन मोठे प्रवाह होते. एक प्रवाह महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा. शेतकरी आणि कष्टकरी समाजाने शिकले पाहिजे, जन्मावरून कोणी उच्च वा नीच ठरत नाही, असे तो सांगे. दुसरा प्रवाह स्वातंत्र्याच्या चळवळीचा. इंग्रजांचे राज्य गेले पाहिजे, असे तो सांगे. दुर्दैवाने या दोन प्रवाहांतील लोक पुष्कळदा एकमेकांकडे संशयाने पाहत. एकाचे वृत्तपत्र वाचणारा दुसऱ्याचे वृत्तपत्र हाती धरीत नसे.

गणपतराव पहिल्या प्रवाहातले होते. त्यांच्यामुळे घरात विजयी मराठा हे वृत्तपत्र वाचले जाई. महात्मा फुले यांचे चरित्रही यशवंताला त्यांच्यामुळेच वाचावयास मिळाले. ते वाचून त्याचे मन हेलावून गेले. शेतात राबणाऱ्या माणसाला अज्ञानामुळे कोण कोण लुबाडतो, हे त्याने आपल्या आजोळी पाहिले होते. ते का घडते, हे त्याला या पुस्तकाने दाखविले. शिक्षणावाचून बहुजन समाजाला तरणोपाय नाही, हा विचार त्याच्या मनात कायमचा रुजला.

परंतु यशवंत तेवढ्यावर थांबला नाही. तो केसरीही वाचू लागला. देशात चाललेल्या सत्याग्रहांच्या, खटल्यांच्या आणि सभांच्या बातम्या वाचून त्याचे चित्त अस्वस्थ होई. एक वृत्तपत्र एक सांगे, दुसरे दुसरेच सांगे. अशा वेळी बहुतेक मुले घरात जे मत चालते तेच आपले म्हणून मोकळी होतात. यशवंताने तसे केले नाही. फुल्यांनी सांगितलेले दुःख खरे आहे, हे त्याला पटले; परंतु त्या दुःखावरचा उपाय म्हणून एखाद्या जातीचा द्वेष करीत बसावे, हे त्याला पटेना. देश स्वतंत्र झाला पाहिजे, हेही त्याला पटले; परंतु ते स्वातंत्र्य खेड्यातल्या गरिबाच्या झोपडीपर्यंत पोहोचले पाहिजे, असे त्याला वाटे. बंधूंशी त्याची या विषयावर पुष्कळ चर्चा होई. बंधूंविषयीचा त्याचा आदर तिळमात्र कमी झाला नाही. आपले मतही त्याने सोडले नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसावर प्रेम करीत असतानाही वेगळे मत बाळगता येते, हे तो या वयात शिकला.

१९२९ सालच्या पावसाळ्यात वृत्तपत्रांतून लाहोरच्या तुरुंगातील बातम्या येऊ लागल्या. राजकीय कैद्यांना माणुसकीने वागविले जावे, या मागणीसाठी जतींद्रनाथ दास या बंगाली तरुणाने अन्नत्याग केला होता. जतींद्रनाथ अवघे चोवीस वर्षांचे होते. यशवंत त्या वेळी सोळा वर्षांचा होता. तो रोज वृत्तपत्राची वाट पाही. आज त्यांची प्रकृती कशी आहे, सरकार नमले की नाही, हे वाचल्यावाचून त्याला चैन पडत नसे. कुठे लाहोर आणि कुठे कऱ्हाड! त्या तरुणाला यशवंताने कधी पाहिले नव्हते. तरीही छापील अक्षरांतून तो जणू त्याच्या घरचाच माणूस झाला होता. उपवासाच्या त्रेसष्टाव्या दिवशी, १३ सप्टेंबर १९२९ रोजी, जतींद्रनाथांनी देह ठेवला. ती बातमी वाचून यशवंताला रडू आवरेना. आपण केवळ वाचीत बसावयाचे की काही करावयाचे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला आणि देशकार्यात उडी घेण्याचा त्याचा निश्चय झाला.

टिळक हायस्कुलातलीच आणखी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. शेणोलीकर नावाच्या शिक्षकांनी एकदा वर्गातील मुलांना, आपण पुढे कोण होणार, हे कागदावर लिहावयास सांगितले. कोणी थोर देशभक्ताचे नाव लिहिले, कोणी विद्वानाचे, कोणी कवीचे. यशवंताने मात्र आपण यशवंतराव चव्हाण होणार, असे लिहिले. वाचणाऱ्याला तो उद्धटपणा वाटावा. परंतु त्यात गर्व नव्हता. थोरांची चरित्रे वाचावीत, त्यांच्यापासून घेण्यासारखे ते घ्यावे. मात्र त्यांची नक्कल न करता आपण आपलेच जीवन घडवावे, असा त्याचा आशय होता. इतकी पुस्तके वाचून यशवंताने जे मिळविले, ते या एका ओळीत सामावले होते.

अशा वाचनाची किंमतही त्याला मोजावी लागली. जानेवारी १९३२ मध्ये त्याने सरकारी बंदी न जुमानता कऱ्हाडात तिरंगी झेंडा फडकविला. त्याबद्दल त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तो अद्याप शाळेतच होता. मॅट्रिकची परीक्षा व्हावयाची होती. कोठडीत त्याला भेटावयास आई आली. बरोबर शाळेचे एक शिक्षक होते. मुलाने क्षमा मागितली तर सुटका होईल, असे त्यांनी सुचविले. घरच्या गरिबीत या मुलाच्या शिक्षणावरच साऱ्यांची आशा होती. तरीही विठाबाईंना ती सूचना रुचली नाही. मुलाने काही गुन्हा केला नसेल तर त्याने क्षमा का मागावी, असा त्यांचा सवाल होता. प्रकृतीस जप, एवढेच मुलाला सांगून ती निरक्षर माता डोळे पुसत परतली.

येरवड्याचा तुरुंग यशवंतरावांना विद्यापीठासारखा ठरला. आचार्य भागवत, रावसाहेब पटवर्धन, एस. एम. जोशी यांच्यासारखी विद्वान आणि ध्येयनिष्ठ माणसे तेथे बंदिवान होती. आचार्य भागवत तरुण कैद्यांचे वर्ग घेत. कालिदासाचे काव्य आणि शेक्सपिअरची नाटके यशवंतरावांनी तेथे समजून घेतली. गांधीजींचा मार्ग बरोबर की मार्क्सचा, यावर बराकीत वाद रंगत. त्यांतही त्यांची जुनी सवय कायम होती. सर्वांचे ऐकावे, मूळ पुस्तक मिळवून वाचावे आणि मग आपल्याला काय वाटते ते ठरवावे.

तुरुंगातून सुटल्यावर १९३४ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून ते पदवीधर झाले आणि १९४१ साली पुण्यात त्यांनी वकिलीची परीक्षा दिली. १९४२ च्या जूनमध्ये वेणूताईंशी त्यांचा विवाह झाला. दोनच महिन्यांत छोडो भारत आंदोलन पेटले आणि ते भूमिगत झाले. १९४६ साली ते प्रांतिक विधिमंडळावर निवडून आले. १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्याचे आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. चीनच्या आक्रमणाच्या वेळी, १९६२ च्या नोव्हेंबरात, देशाचे संरक्षणमंत्री म्हणून त्यांना दिल्लीस बोलावून घेण्यात आले. पुढे गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही खातीही त्यांनी सांभाळली.

सत्ता हाती आली तेव्हा शाळकरी वयात मनावर उमटलेले ठसे त्यांच्या कामांत दिसू लागले. गरिबाच्या मुलाची फी माफ करताना त्याची जात न पाहता त्याच्या घरचे उत्पन्न पाहावे, हे धोरण त्यांच्या कारकिर्दीत स्वीकारण्यात आले. त्यामुळे खेड्यापाड्यांतील असंख्य मुलांना शाळेची दारे उघडली. मराठी भाषेत सर्व ज्ञान यावे म्हणून १९६० साली त्यांच्या शासनाने साहित्य आणि संस्कृतीसाठी एक मंडळ स्थापिले व तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे त्याचे अध्यक्षपद दिले. मराठी विश्वकोशाचे काम या मंडळाने हाती घेतले.

शेतकऱ्याच्या शेताला पाणी मिळावे म्हणून तळी आणि बंधारे बांधावेत, असे महात्मा फुले यांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवले होते. सोलापूरसारख्या अवर्षणाच्या मुलखात ही गरज तर फारच मोठी. १९६६ साली उजनी धरणाचे भूमिपूजन यशवंतरावांच्या हस्ते झाले आणि १९८० साली धरण पूर्ण झाले. चंद्रभागा म्हणून पंढरपुरात पूज्य मानलेल्या नदीला आपण अडवीत आहोत, म्हणून त्या प्रसंगी त्यांनी पांडुरंगाची क्षमा मागितली, अशी आठवण त्या भागात सांगितली जाते. धरणाने दुष्काळी रानाला पाणी दिले, सोलापूर शहराची तहान भागविली. पण त्यासाठी भीमाकाठच्या अनेक गावांना आपली घरे, शेते आणि देवळे पाण्याखाली जाऊ द्यावी लागली. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे पळसदेवचे प्राचीन देऊळ आजही वर येते आणि त्या त्यागाची आठवण देते.

राजकारणाच्या धकाधकीतही यशवंतरावांचे वाचन सुटले नाही. १९७५ साली कऱ्हाड येथे मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा ते स्वागताध्यक्ष होते. देशात त्या वेळी आणीबाणी होती आणि यशवंतराव केंद्रात मंत्री होते. संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी त्या व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याचा निर्भयपणे पुरस्कार केला. ज्या शासनाला ते शब्द बोचणार होते, त्याच शासनातील मंत्री त्या संमेलनाचे यजमान होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आयुष्याच्या अखेरीस त्यांनी कृष्णाकाठ हे आत्मचरित्र लिहिले. आणखी दोन भाग लिहिण्याचा त्यांचा मानस होता. परंतु २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीस त्यांचे निधन झाले आणि ते भाग लिहावयाचे राहून गेले. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना यांच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. त्याच गावी, वेणूताईंच्या नावाने उभारलेल्या स्मारकात, त्यांनी जन्मभर जमविलेले ग्रंथ जपून ठेवले आहेत. फुल्यांचे चरित्र आणि रोजचे वृत्तपत्र यांपासून सुरू झालेला तो संग्रह. पुस्तके पुष्कळांपाशी असतात. परंतु प्रत्येक पुस्तकाला आपल्या मनातील प्रश्न विचारणारा वाचक क्वचितच आढळतो. कऱ्हाडच्या एका गरीब घरातील मुलाने ते केले, म्हणूनच आपण यशवंतराव चव्हाण होणार हे त्याचे बोल खरे ठरले.