कॅप्टन सादी कार्नो

गेल्या हिवाळ्यात जबलपूरहून कॅम्पला निघालो होतो. चढावर चालकाने अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला आणि ट्रकमागे काळ्या धुराचा लोट उठला. शेजारच्या कॅडेटने मला विचारले, की पुस्तकातल्या इंजिनाच्या चक्रात हा धूर कुठे दाखवला आहे? प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी मात्र एका सैनिकाकडे जावे लागते.

सादी कार्नोचा जन्म 1796 चा, पॅरिसचा. वडील लाझार हे फ्रेंच क्रांतीच्या फौजा उभारणारे सेनानी. त्यांनी मुलाला फारसी कवी सादीचे नाव दिले. सोळाव्या वर्षी तो एकोल पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. 1814 मध्ये शत्रू पॅरिसच्या वेशीवर आला, तेव्हा विद्यार्थ्यांबरोबर तोही व्हँसेनला लढला. पुढे मेट्झला शिकून तो इंजिनियर दलात अधिकारी झाला. पण नेपोलियन पडला, वडील हद्दपार झाले आणि तेच आडनाव मुलाच्या आड आले. या किल्ल्यावरून त्या किल्ल्यावर बदल्या, भिंतींची मापे, नकाशे आणि कोणी न वाचलेले अहवाल. अखेर 1819 मध्ये त्याने अर्ध्या पगारावर रजा घेतली.

इंग्लंड वाफेच्या इंजिनांवर पुढे गेले होते. इतर लोक व्हॉल्व्ह नि सिलिंडर सुधारत बसले. सादीने विचारले, की आगीतून जास्तीत जास्त किती काम निघू शकते?

आपल्या भेडाघाटचा धुआंधार डोळ्यांसमोर आणा. पाणी किती आणि कड्याची उंची किती, यावर त्याचे बळ ठरते. सादीच्या मते उष्णताही अशीच गरमकडून थंडकडे पडते. तिला तो न आटणारा द्रव समजला, हे चुकले. पण मर्यादा फक्त दोन तापमानांवर ठरते, वाफ असो वा हवा, हे अचूक निघाले. आजच्या सूत्राने 150 आणि 30 अंश सेल्सिअसच्या दरम्यान ती सुमारे 28 टक्के येते.

ती गाठायची तर प्रत्येक क्रिया अतिशय सावकाश व्हायला हवी. असे इंजिन चढ कधीच चढणार नाही! खऱ्या इंजिनाला घाई असते. पाय दाबताच डिझेल लगेच वाढते, टर्बोचार्जरचे चाक वेग घ्यायला क्षणभर घेते, हवा कमी पडते, इंधन अर्धवट जळते. तोच तो धूर. आजचे अभियंते हे क्षण क्रँकच्या अंशाअंशाने संगणकावर मांडतात.

1824 मध्ये सादीने स्वखर्चाने पुस्तकाच्या 600 प्रती छापल्या. फारसे कोणी विचारले नाही. 1828 मध्ये कॅप्टन असताना त्याने सैन्य सोडले. 1832 च्या ऑगस्टमध्ये, 36 व्या वर्षी, कॉलऱ्याने तो गेला. संसर्गाच्या भीतीने त्याचे बहुतेक कागदही नष्ट झाले.

दोन वर्षांनी क्लापेरोनने त्या विचाराची आकृती काढली. तुमच्या पुस्तकातले चित्र तिच्यावरूनच आले आहे. 1845 मध्ये पुढचा लॉर्ड केल्व्हिन पॅरिसची दुकाने पालथी घालत होता, तरी पुस्तक मिळेना.

वाचलेली थोडी टिपणे धाकट्या भावाने 1878 मध्ये छापली. त्यांत उष्णता द्रव असल्याची कल्पना सादीने स्वतःच सोडलेली दिसते. ठरावीक उष्णतेतून किती काम मिळते, याचा आकडाही तिथे आहे, ज्यूलच्या प्रयोगांआधी काढलेला.