वासुदेव नावाचे दोन दत्तभक्त

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

वासुदेव हे नाव आपल्या घराघरांतले. वसुदेवाचा पुत्र म्हणून ते श्रीकृष्णाचे नाव, आणि पहाटे मोरपिसांची टोपी घालून दान मागायला येतो तोही वासुदेवच. दत्तभक्तांच्या मंडळीत मात्र हे नाव निघाले की हात जोडले जातात ते प. प. श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांना. रोज सायंकाळी ज्यांची करुणात्रिपदी आपण म्हणतो, ते महाराज.

त्याच नावाचा, त्याच कोकणच्या मातीतला आणि त्याच दत्तप्रभूंना मानणारा आणखी एक पुरुष महाराजांच्या आधी नऊच वर्षे जन्माला आला होता. त्याचे नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. पण तो दत्तभक्त होता, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. ते म्हणजे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके. या दत्तजयंतीला त्यांचे स्मरण करू या.

४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळच्या शिरढोण गावी त्यांचा जन्म झाला. जवळच कर्नाळा किल्ला. आजोबा त्या किल्ल्याचे किल्लेदार होते. पेशवाई बुडाली, किल्ला गेला, पण आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी नातवाच्या मनात राहिल्या. पुढे इंग्रजी शिकून ते नोकरीला लागले आणि पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून झाले. चारचौघांसारखाच संसार होता. सदाशिव पेठेत नरसोबाच्या देवळापाशी बिऱ्हाड, सकाळी स्नानसंध्या, दत्ताची उपासना आणि मग कचेरी.

अशात शिरढोणहून आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. त्यांनी रजा मागितली, पण वरचा साहेब रजा देईना. शेवटी ते तसेच निघाले. घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढच्या वर्षी आईच्या वर्षश्राद्धासाठी रजा मागितली, तीही मिळाली नाही. मुलाला आईच्या मुखात शेवटचे पाणी घालता येऊ नये, तिचे श्राद्ध करता येऊ नये, हे दुःख काय असते ते आपल्यासारख्या घरातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. वासुदेवरावांच्या मनाला ते फार लागले. पण ते आपल्या दुःखापाशीच बसून राहिले नाहीत. एका कारकुनाची ही गत, तर साऱ्या देशाची काय असेल, असा विचार त्यांच्या मनात सुरू झाला.

न्यायमूर्ती रानडे यांची व्याख्याने त्यांनी ऐकली. देशातला पैसा बाहेर कसा जातो, हे त्यांतून कळले. मग ते स्वतः थाळी वाजवत पुण्याच्या रस्त्यांवरून फिरायचे, लोकांना गोळा करायचे आणि बोलायचे. मुलांना आपल्या विचाराचे शिक्षण मिळावे म्हणून वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह त्यांनी शाळा काढली. आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी ती हीच. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत ते दांडपट्टा, तलवार शिकले. पत्नी गोपिकाबाईंनाही त्यांनी लिहा-वाचायला शिकवले. त्या काळी ब्राह्मणाच्या घरात हे सोपे नव्हते.

मग १८७६-७७ चा दुष्काळ आला. दख्खनची गावेच्या गावे ओस पडली. माणसे अन्नाविना मेली. त्या भागात वासुदेवराव हिंडले आणि जे पाहिले ते त्यांना सहन झाले नाही. नुसत्या भाषणांनी काही होणार नाही, असे त्यांचे मत झाले. रामोशी, कोळी, धनगर अशा बांधवांना जमवून त्यांनी बंड उभारले. दौलतराव नाईक हे त्यांचे मोठे साथीदार. २३ फेब्रुवारी १८७९ रोजी शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर पहिला छापा पडला. सावकारांचा पैसा घ्यायचा, त्यातून माणसे आणि शस्त्रे जमवायची आणि सरकारशी लढायचे, असा बेत होता.

पण गोष्ट मनासारखी घडेना. जमलेल्यांपैकी कितीकांचे लक्ष लुटीच्या वाटणीकडेच होते. ज्या कामासाठी हे पाप अंगावर घेतले ते काम दूरच राहिले. वासुदेवराव खचले. अशा वेळी देवाचा माणूस जातो तिथेच ते गेले. एप्रिल १८७९ मध्ये त्यांनी श्रीशैल मल्लिकार्जुनाचे पाय धरले.

श्रीगुरुचरित्राचे पारायण करणाऱ्याला श्रीशैल्याचे महत्त्व सांगायला नको. गाणगापूर सोडून श्रीनृसिंहसरस्वती महाराज निजानंदगमनाला निघाले ते श्रीशैल्यालाच, आणि पाताळगंगेत पुष्पासनावर बसून कर्दळीवनाकडे गेले. त्याच क्षेत्री हा दत्तभक्त आपला देह ठेवायच्या विचाराने गेला होता. आपल्या हातून देशबांधवांचे काम झाले नाही, ही खंत मनात होती. तिथे बसून त्यांनी आपले आत्मवृत्त लिहिले. पण देह ठेवला नाही. काम अर्धे टाकून सुटका करून घ्यायची नाही असे ठरवून ते परत फिरले आणि रोहिल्यांना जमवून पुन्हा लढ्याची तयारी करू लागले.

मे महिन्यात दौलतराव नाईक इंग्रजांच्या गोळीला बळी पडले. सरकारने वासुदेवरावांना पकडून देणाऱ्यास बक्षीस लावले, तर यांनी उलट गव्हर्नर टेंपलच्या शिरासाठी बक्षीस जाहीर केले! पण अंगात ताप, मागे मेजर डॅनियलची फौज, अशी किती दिवस दौड होणार? २० जुलै १८७९ रोजी विजापूरकडच्या देवर नावदगी गावात रात्री दमून झोपलेले असताना ते पकडले गेले. पुण्यात खटला चालला. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, वकील म्हणून उभे राहिले. वासुदेवरावांची रोजनिशी आणि आत्मवृत्त हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाला. काळ्या पाण्याची जन्मठेप झाली आणि त्यांना दूर अरबस्तानातल्या एडनला नेण्यात आले.

तिथूनही एकदा दार बिजागऱ्यांसकट उखडून ते निसटले होते, पण पुन्हा धरले गेले. अखेर १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्यांनी एडनलाच देह ठेवला. जवळ आपले माणूस नाही, मुखात गंगाजल नाही. आईची जी गत झाली तीच मुलाचीही झाली.

आता योग पाहा. त्याच १८८३ साली, अवघ्या काही महिन्यांत, वैशाखात सावंतवाडीजवळच्या माणगावी दुसऱ्या वासुदेवाने, वासुदेवशास्त्री टेंब्यांनी, श्रीदत्तप्रभूंची स्थापना केली. पुढे १८९१ मध्ये गंगाखेडला पत्नी अन्नपूर्णाबाई वारल्या आणि त्यांनी संन्यास घेतला. मग अनवाणी पायांनी सारा देश पालथा घातला, ठिकठिकाणी दत्तोपासना रुजवली, आणि १९१४ च्या आषाढात नर्मदेकाठी गरुडेश्वरी ते समाधिस्थ झाले.

एकाने दंड-कमंडलू घेतला, एकाने तलवार. दोघांची बरोबरी करायचे कारण नाही; महाराज आपले गुरू आहेत आणि त्यांची वाट हीच आपल्याला दिलेली वाट आहे. छापे, लुटालूट यांचे समर्थनही कुणी करू नये. खुद्द वासुदेवरावांनाच त्याची टोचणी होती. पण एक गोष्ट दोघांतही सारखी दिसते. दोघांच्याही घरी दुःख आले, आणि दोघांनीही ते दुःख घराच्या उंबऱ्यापाशी थांबू दिले नाही. एकाने आईच्या मरणातून उपाशी प्रजेची आई ओळखली. दुसऱ्याने संसार सुटताच साऱ्या भाविकांचा संसार आपला मानला. दत्तात्रेयांपुढे बसून स्वतःसाठी काही मागितले नाही, तर माणूस किती मोठा होतो, हे दोघांच्या चरित्रांतून कळते.

पनवेलकडे जाणे झाले तर शिरढोणला वासुदेव बळवंतांच्या स्मारकापाशी घटकाभर थांबावे. आणि दत्तजयंतीच्या दिवशी पाळणा झाल्यावर आपण जेव्हा पितरांचे, गुरूंचे स्मरण करतो, तेव्हा ज्यांना शेवटचे पाणी मिळाले नाही त्या वासुदेवासाठीही एक पळीभर पाणी सोडावे.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥