बर्फात रुतू नये म्हणून गाडीची मागची चाकंच काढून टाकणारा माणूस : आंद्रे सिट्रोएन

पावसाळ्यात छत्रपती संभाजीनगरच्या आसपास एखाद्या कच्च्या रस्त्यावर गाडी घातली की काय होतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. काळी माती टायरला चिकटते, चाक जागेवरच गरगर फिरतं आणि गाडी काही पुढं सरकत नाही. मग चाकाखाली दगड लावा, गोणपाट टाका, नाहीतर ट्रॅक्टर बोलवा.

युरोपात हेच दुखणं बर्फात होतं. शंभर वर्षांपूर्वी लोक त्यावर नाना उपाय करायचे. कुणी टायरला लोखंडी साखळ्या गुंडाळायचं, तर कुणी पुढच्या चाकांना चक्क स्की बसवायचं. पण या सगळ्यात अजब उपाय बाजारात आणला तो आंद्रे सिट्रोएन यांनी. २०२१ पासून भारतात ज्या सिट्रोएन गाड्या विकल्या जातात, त्या कंपनीचे हे संस्थापक.

त्यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८७८ चा, पॅरिसमधला. घराणं मूळचं ॲमस्टरडॅमचं ज्यू. पूर्वज फळं विकायचे, आणि आडनावाचा डच भाषेतला अर्थ लिंबू. वडील हिऱ्यांचे व्यापारी होते. आंद्रे ६ वर्षांचा असताना वडिलांनी आत्महत्या केली. पुढं पोरानं इंजिनीअरिंगचं शिक्षण घेतलं. १९०० मध्ये आईच्या माहेरी, पोलंडला गेल्यावर त्याला उलट्या व्ही आकाराचे दात असलेले गिअर दिसले. त्याचे हक्क त्यानं विकत घेतले आणि धंदा सुरू केला. आज सिट्रोएनच्या लोगोत एकावर एक दोन उलटे व्ही दिसतात, ते इथून आले.

पहिल्या महायुद्धात सिट्रोएन यांनी पॅरिसमध्ये तोफगोळ्यांचा प्रचंड कारखाना उभारला. युद्ध संपलं आणि १९१९ मध्ये त्याच कारखान्यातून मोटारी बाहेर पडायला लागल्या.

आता येतो मूळ विषय.

अडॉल्फ केग्रेस नावाचा फ्रेंच मेकॅनिक रशियाचा झार दुसरा निकोलस याच्या मोटारींची देखभाल करायचा. झारच्या गाड्या बर्फात रुतायच्या. म्हणून केग्रेस यांनी मागची चाकं काढली आणि त्याजागी छोट्या रोलरांवर फिरणारा रबराचा रुंद पट्टा बसवला. पुढं स्टिअरिंगसाठी चाकं तशीच ठेवली, त्यांना हवं तर स्की.

याचं गणित सोपं आहे. टायर जमिनीला तळहाताएवढ्या जागेत टेकतो, त्यामुळं सगळं वजन तिथंच पडतं आणि चाक रुततं. पट्टा मात्र लांबलचक जागेवर टेकतो. वजन विभागलं जातं, पकड वाढते. शिवाय रबर असल्यानं रणगाड्याच्या लोखंडी साखळीसारखा रस्ता उखडत नाही.

१९१७ मध्ये रशियात क्रांती झाली आणि केग्रेस फ्रान्सला परतले. सिट्रोएन यांनी त्यांची कल्पना उचलली. गंमत म्हणजे क्रांतीनंतर लेनिनसाठीही असेच पट्टे लावलेली रोल्स रॉइस तयार झाली. ती आजही मॉस्कोजवळच्या संग्रहालयात आहे.

बर्फासाठी जन्मलेला हा पट्टा सिट्रोएन यांनी थेट वाळवंटात नेला, कारण मऊ वाळूतही चाकाची तीच अडचण. डिसेंबर १९२२ मध्ये निघालेल्या ५ गाड्यांनी सहारा पार केला आणि जानेवारी १९२३ मध्ये टिंबक्टू गाठलं. मोटारीनं सहारा ओलांडण्याची ही पहिलीच वेळ.

१९३१ ची मोहीम तर आपल्या दारात आली. बैरूतहून निघालेला ताफा इराण, अफगाणिस्तान करत श्रीनगरला पोहोचला. तिथून फक्त २ गाड्या हिमालयात घुसल्या. ४ हजार मीटरहून उंच बुर्झिल खिंड त्यांनी ओलांडली. वाट खचली तिथं गाड्यांचे सुटे भाग करून हमालांनी ते वाहून नेले. गाड्या गिलगिटपर्यंत पोहोचल्या, पण पुढं जमेना. माणसं घोड्यांवरून चीनकडं गेली.

जगभर नाव झालं, पण खर्चही तसाच होता. मोहिमांनी जाहिरात व्हायची. १९२५ पासून आयफेल टॉवरवर दिव्यांनी सिट्रोएन हे नाव झळकत होतं. पट्ट्यांच्या गाड्या मात्र संथ, पेट्रोल पिणाऱ्या आणि पट्टे लवकर झिजवणाऱ्या. सामान्य गिऱ्हाईक त्या घेणार कशाला?

१९३४ मध्ये सिट्रोएन यांनी पकडीचा प्रश्न दुसऱ्या बाजूनं धरला. ट्रॅक्शन अव्हाँ ही त्यांची नवी मोटार पुढच्या चाकांच्या ताकदीवर चालायची. इंजिनचं वजन त्याच चाकांवर पडत असल्यानं निसरड्या रस्त्यावर ती जमीन धरून राहायची. वरून काहीही बसवायची गरज नाही. अशी गाडी बनवणारे ते पहिले नव्हते, पण इतक्या मोठ्या प्रमाणावर ती कुणी बनवली नव्हती.

त्यासाठी त्यांनी कारखाना नव्यानं बांधला. मंदीचा काळ, डोक्यावर कर्ज, त्यात घाईनं आणलेल्या पहिल्या गाड्यांत बिघाड. डिसेंबर १९३४ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं आणि ती सर्वात मोठ्या देणेकऱ्याकडं, मिशेलिन या टायर कंपनीकडं गेली. पोटाच्या कॅन्सरनं ग्रासलेल्या सिट्रोएन यांचा ३ जुलै १९३५ रोजी मृत्यू झाला. वय ५७.

ट्रॅक्शन अव्हाँ त्यानंतरही १९५७ पर्यंत बनत राहिली, साडेसात लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. रबरी पट्ट्याची कल्पना अमेरिकन लष्करानं उचलली आणि दुसऱ्या महायुद्धातल्या त्यांच्या अर्धपट्टा गाड्या त्यावरच बेतल्या. मोटारींवरचा पट्टा मात्र संग्रहालयात गेला.

आज आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक छोट्या गाड्यांची पुढचीच चाकं गाडी ओढतात. ज्या पैजेत सिट्रोएन यांची कंपनी गेली, ती पैज त्यांच्या मागं सगळ्या जगानं खरी करून दाखवली.