मोराची हाक विरते, दासोपंतांची ‘पासोडी’ चारशे वर्षं बोलते. काय आहे फरक?

पाटोदा तालुक्यातल्या नायगाव अभयारण्यात एक मोर ओरडला की बाकीचे सावध होतात. धोका टळला की हाकेचं काम संपलं. मधमाशी थोडी पुढे जाते. नजरेआडची फुलं कोणत्या दिशेला, किती लांब, हे ती नाचून सांगते. पण आपण मेल्यावरही सांगत राहायचं, हे माणसाच्या भाषेलाच जमलं. त्याचा पुरावा आपल्या अंबाजोगाईत आहे.

कोण होते दासोपंत?

जन्म १५५१, बीदरजवळच्या नारायणपेठेत. वडील दिगंबरपंत देशपांडे. दुष्काळात सारा भरता आला नाही, म्हणून लहानग्या दासोला बीदरच्या दरबारात ओलीस ठेवलं गेलं. ऐन मुदतीला दत्तानेच पैसे भरून पोराला सोडवलं, अशी कथा आहे. पुढे त्यांनी घर सोडलं, माहूरला तप केलं आणि अंबाजोगाईत स्थिरावले.

तिथे ते लिहीतच राहिले. गीतेवरच्या ‘गीतार्णव’ या टीकेच्या ओव्या सव्वा लाख सांगतात. (ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार!)

आणि पासोडी? सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद कापड. त्यावर पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतं एकमेकांत मिसळून सृष्टी आणि शरीर कसं घडतं, ते ओव्या आणि तक्त्यांतून मांडलंय. इंजिनिअरिंग केलेल्याला हा सरळ फ्लोचार्टच वाटेल. डोळ्यांना न दिसणाऱ्या अशा गोष्टीसाठी मोराकडे हाक नाही.

१६१५ मध्ये दासोपंतांनी अंबाजोगाईतच देह ठेवला. कापड आता जीर्ण झालंय. त्यावरचा मजकूर मात्र अभ्यासकांनी वाचून पुस्तकरूपात छापला आहे.